एका चित्त्याभोवती किती गाड्या?

मसाई माराच्या सफारीचं आणि फोटोग्राफीचं गणित

दहा वेतांमागे २ पिल्लं आणि दहा वेतांमागे २३ पिल्लं.

केनियातल्या मसाई मारा परिसरात राहणाऱ्या चित्त्यांच्या माद्यांचे हे दोन हिशेब आहेत. पहिला आहे पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ खूप असलेल्या भागातला, दुसरा ती कमी असलेल्या भागातला. फेम्के ब्रूकहाउस या संशोधिकेचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१३ ते २०१७ या काळातल्या नोंदींवरून त्यांनी सरासरी काढली. वर्दळीच्या भागात एका वेतामागे ०.२ पिल्लू स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचतं, कमी वर्दळीच्या भागात २.३.

हा आकडा वाचताना थोडं सबुरीनं घ्यायला हवं. चित्त्याची पिल्लं मुळातच फार मरतात. १९९० च्या दशकात सेरेंगेटीच्या मैदानातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात १०० पिल्लांपैकी जेमतेम ५ स्वतंत्र होण्यापर्यंत जगल्याचं दिसलं होतं, आणि बरीचशी सिंहांनी मारली होती. माराच्या अभ्यासातही झाडीचा परिणाम दिसला: दाट झुडपांपेक्षा मोकळ्या माळावरच्या माद्यांची पिल्लं जास्त जगली. शिवाय गाडीखाली किंवा गाडीमुळे पिल्लू थेट मेलं, असं अभ्यास म्हणत नाही. गाड्यांमुळे शिकार हुकते, मारलेलं हरीण टाकून मादीला निघून जावं लागतं, गडबडीत पिल्लं आईपासून तुटतात, ही त्यामागची शक्य कारणं. तरीही त्याच गवताळ प्रदेशात एवढी मोठी तफावत दिसते, तेव्हा ती नजरेआड करता येत नाही.

सफारीबद्दल बोलताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो. खर्च किती येईल, आणि ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) दिसतील का? खरा महत्त्वाचा आकडा तिसराच आहे, आणि तो म्हणजे एका वेळी, एका जागी किती गाड्या जमतात. पिल्लांच्या जगण्याचा या आकड्याशी संबंध दिसतो, आणि गंमत म्हणजे आपला फोटो कसा येणार हेही त्याच्यावरच ठरतं.

मारा केवढं, गर्दी केवढी

मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राचं क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे जगप्रसिद्ध मारा आपल्या ताडोब्यापेक्षा लहानच. सीमेपलीकडे टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. सेरेंगेटी-मारा ही सगळी परिसंस्था साधारण २५,००० चौरस किलोमीटरची धरली, तर मारा राखीव क्षेत्र तिच्यात ६ टक्के भरतं.

या ६ टक्क्यांत जुलै ते ऑक्टोबरमध्ये काय काय एकवटतं ते पाहू. परिसंस्थेतल्या सुमारे १३ लाख विल्डबीस्टांचे आणि २ लाख झेब्र्यांचे मोठमोठे कळप पाणी आणि कोवळं गवत शोधत उत्तरेला सरकतात. त्याच महिन्यांत युरोप-अमेरिकेत उन्हाळी सुट्ट्या असतात, आणि आपल्याकडे १५ ऑगस्टला जोडून रजा टाकून निघणारे गट. २०२४ मध्ये केनियात सुमारे २४ लाख परदेशी पाहुणे आले. पाठवणाऱ्या देशांत भारत पहिल्या पाचांत होता, संख्या एक लाखाच्या आसपास. यातले सगळे सफारीला जात नाहीत. पण जे जातात त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत मारा असतंच, आणि बहुतेकांना ते ऑगस्टमध्येच हवं असतं.

ताडोब्यात कुठल्या प्रवेशद्वारातून एका फेरीला किती जिप्सी सोडायच्या हे आधीच ठरलेलं असतं. तिकीट मिळालं नाही म्हणून हिरमुसून परतलेले पर्यटक आपण पाहतो. मारात तसं नाही. पैसे भरले की गाडी आत. म्हणून तिथला दर आणि तिथली गर्दी यांचा संबंध नीट तपासायला हवा. त्याआधी एक प्रश्न: हे १३ लाख प्राणी आले कुठून?

एक कळप पाचपट, दुसरा पाचवा हिस्सा

१९६१ मध्ये सेरेंगेटीत विल्डबीस्टांची मोजणी झाली तेव्हा ते सुमारे २ लाख ६३ हजार होते. १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाख झाले. सोळा वर्षांत पाचपट!

याला कारण एक रोग, किंवा खरं तर त्या रोगाचं जाणं. बुळकांडी. गुराढोरांच्या या साथीनं १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि त्यांच्या जोडीनं विल्डबीस्ट, रानम्हशी सरसकट मारल्या. मसाई पशुपालकांवर उपासमारीची पाळी आली. आपल्याकडेही बुळकांडीचा धाक मोठा होता. तिच्यावर संशोधन करायला १८८९ मध्ये पुण्यात जिवाणू प्रयोगशाळा निघाली आणि पुढे ती मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची सुरुवात तीच. तिकडे नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास टिकाऊ आणि स्वस्त लस तयार केली. सेरेंगेटीभोवतालच्या गुरांचं लसीकरण झालं, गुरांकडून रानात जाणारा रोग थांबला आणि विल्डबीस्टांची वासरं जगू लागली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. ज्या महास्थलांतराचे फोटो काढायला जग लोटतं, ते आजच्या आकाराला आलं त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली आहेत.

आता दुसरा कळप. माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला लोइटा मैदानात विल्डबीस्टांची केनियातच फिरणारी एक स्वतंत्र टोळी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती लाखाच्या वर होती. पुढच्या दोन दशकांत ती सुमारे ८० टक्क्यांनी घटली. रोग नव्हता, दुष्काळ हे मुख्य कारण नव्हतं. त्यांच्या विणीच्या माळावर गव्हाची शेती आली, मग कुंपणं आली. प्राणी तोच, गवतही तसंच. एकीकडे जमीन मोकळी राहिली, दुसरीकडे ती तुकड्या-तुकड्यांत वाटली गेली.

संपूर्ण केनियाचं चित्र लोइटाच्या बाजूनं झुकतं. तिथल्या चराऊ प्रदेशांच्या हवाई मोजण्यांवरून १९७७ ते २०१६ या काळात वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. आणि केनियातले ६५ ते ७० टक्के वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या आणि राखीव क्षेत्रांच्या बाहेर, म्हणजे लोकांच्या जमिनीवर राहतात. प्रवेशद्वारावर घेतलेल्या तिकिटाचे पैसे त्या जमिनीपर्यंत पोचले नाहीत, तर तिथला शेतकरी कुंपण घालणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

नदीचा फोटो आणि नदीचा आकडा

मारा नदी माऊच्या जंगलात उगम पावते आणि सुमारे ३९५ किलोमीटर वाहून व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. विल्डबीस्ट ती पार करतात तो क्षण आफ्रिकी सफारीचा सगळ्यांत जास्त टिपला जाणारा क्षण असावा. धूळ, उड्या, मगरी. तो फोटो पाहून कुणालाही वाटेल की कळपाचं मरण नदीतच आहे.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००१ ते २०१५ या पंधरा वर्षांचा हिशेब मांडला होता. पंधरापैकी तेरा वर्षांत नदीत सामूहिक बुडण्याच्या घटना घडल्या. वर्षाला सरासरी ६,२५० विल्डबीस्टांची कलेवरं, म्हणजे सुमारे १,१०० टन मांस-हाडं नदीत पडतात. मांस काही आठवड्यांत संपतं, पण हाडं विरघळायला सात वर्षं लागतात आणि तेवढा काळ त्यांतून नदीला फॉस्फरस मिळत राहतो. मासे, गिधाडं, किडे, शेवाळ सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

आकडा मोठा वाटतो, पण १३ लाखांत ६,२५० म्हणजे अर्धा टक्का. सेरेंगेटीतल्या दीर्घकालीन अभ्यासानुसार विल्डबीस्टांच्या मृत्यूंपैकी सुमारे ७५ टक्के मृत्यू उपासमारीनं, कोरड्या ऋतूत पुरेसं गवत न मिळाल्यानं होतात. भुकेनं माळावर बसलेल्या म्हाताऱ्या विल्डबीस्टाचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. कळपाचं भवितव्य मात्र तिथे ठरतं. गवत किती आणि तिथवर जाण्याची वाट मोकळी आहे का, एवढाच तो प्रश्न.

नदीकाठी हाच वाटेचा प्रश्न आपण स्वतः उभा करतो. कळप काठावर येतो तेव्हा लगेच उतरत नाही. पुढचे प्राणी कडेला येऊन पाणी हुंगतात, मागचे ढकलतात, पुढचे दचकून वळतात आणि सगळा कळप शंभर-दोनशे मीटर मागे पळतो. असं तासभर, कधी दोन तास चालतं. नियम असा की पहिला प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी काठापासून लांब थांबायचं. प्रत्यक्षात एखादी गाडी जागा धरायला पुढे सरकते, ती सरकली म्हणून दुसरी, आणि बघता बघता प्राण्यांची उतरायची वाटच गाड्यांनी भरून जाते. जुलै २०२५ मध्ये उत्तर सेरेंगेटीत तर पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिले आणि कळप बिथरून मागे फिरला. त्याची छायाचित्रं जगभर गेली आणि टांझानियाच्या उद्यान प्रशासनाला दखल घ्यावी लागली. आपल्याकडे त्याच वर्षाच्या सुरुवातीला उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांची वाट जिप्सींनी अडवल्याचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून हाती घेतलं होतं. हा रोग कुणा एका देशाचा म्हणता येणार नाही.

दर वाढवला, संख्या नाही बांधली

२०२४ पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर प्रवेश शुल्क पडतं. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं बारा तासांचं. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला, तर ऑगस्टमधल्या तीन दिवसांना जोडप्याचं नुसतं प्रवेश शुल्क १,२०० डॉलर, म्हणजे १ लाख ५ हजार ६०० रुपये. राहणं, जेवण, गाडी, विमान वेगळं. हेच तीन दिवस फेब्रुवारीत काढले तर ही रक्कम निम्मी.

दर वाढला की गर्दी कमी होईल, असं सरळ गणित मांडलं जातं. ते काही प्रमाणात खरं आहे. पण २०० डॉलर भरलेला माणूस एक वेगळी अपेक्षा घेऊन आत येतो. त्याला त्या दिवशी चित्ता दिसलाच पाहिजे, आणि जवळून दिसला पाहिजे. गाडीच्या चालकाची बक्षिसी त्यावर अवलंबून असते. म्हणजे नुसती किंमत वाढली की गाड्या थोड्या घटतील, पण प्रत्येक गाडीची घाई वाढेल.

याच्या शेजारी रवांडाचं उदाहरण ठेवावं. डोंगरी गोरिला पाहायला तिथे २०१७ पासून एका माणसाला १,५०० डॉलरचा परवाना घ्यावा लागतो. त्याआधी तो ७५० होता. पण तिथली खरी शिस्त किमतीत नाही. एका गोरिला-कुटुंबाला दिवसातून एकदाच भेट, एका वेळी जास्तीत जास्त ८ पर्यटक, आणि एकच तास. परवाने संपले की संपले. विरुंगा डोंगरांत १९८१ च्या मोजणीत २५४ गोरिला होते, २०१५-१६ मध्ये ६०४ झाले. युगांडाच्या ब्विंडी भागातले धरून आज एकूण १,०६३. शिकारविरोधी गस्त, पशुवैद्यकांची पथकं आणि पर्यटन उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या गावांना, या सगळ्याचा त्यात हात आहे. मुद्दा एवढाच की रवांडानं आधी संख्या बांधली आणि मग दर लावला. मारात दर लागला, संख्या मोकळीच राहिली.

एका तंबूमागे ३५० एकर

माराच्या उंबरठ्यावरच याचं दुसरं उत्तर आहे. राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. तिथल्या मालकांनी आपापले तुकडे एकत्र करून ‘कन्झर्व्हन्सी’ उभ्या केल्या. कॅम्पवाले त्यांना दरमहा जमिनीचं भाडं देतात. बदल्यात मालक तिथे घर बांधत नाहीत, कुंपण घालत नाहीत. गुरं ठरवून दिलेल्या पाळीनं चरायला आणतात. चित्ता दिसला काय आणि नाही दिसला काय, भाडं ठरलेलं. म्हणजे इथे पैसा मिळतो तो जमीन मोकळी ठेवण्याचा, आणि लोइटात नेमकं तेच घडलं नव्हतं.

२०१० मध्ये स्थापन झालेली नाबोइशो कन्झर्व्हन्सी घेऊ. सुमारे ५०,००० एकर, म्हणजे २०० चौरस किलोमीटर. जमीनमालक सुमारे ५००, म्हणजे सरासरी शंभरेक एकरांचा एक. नियम असा की ३५० एकरांमागे एकच तंबू. भागाकार केला तर १४३ तंबू, तंबूत दोघे धरले तर २८६ पाहुणे. एका गाडीत चौघे बसवले तर सगळे तंबू भरलेले असतानाही ७०-७२ गाड्या, आणि त्या २०० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या. एका गाडीच्या वाट्याला जवळपास ७०० एकर.

यात खोट नाही असं नाही. इथला मुक्काम महाग असतो. मध्यमवर्गीय कुटुंबाला तो सहज परवडत नाही. सगळी मदार पर्यटकांवर असल्यामुळे २०२० मध्ये करोनानं विमानं थांबली तशी भाड्याची रक्कमही आटली आणि अनेक मालकांचे हाल झाले. ज्याच्या नावावर जमीन नाही त्या मसाई कुटुंबाला भाडंही नाही. पण गाड्यांची संख्या जमिनीच्या मापानं बांधण्याची ही पद्धत निदान प्रश्न नेमका ओळखते.

पंचवीस मीटरचं वर्तुळ

आता हाच हिशेब कॅमेऱ्याच्या बाजूनं करून पाहू.

सकाळचे सात वाजलेत. वारुळावर चित्त्याची मादी बसली आहे, मान ताठ, नजर लांबच्या थॉमसन गॅझेलांच्या कळपावर. पहिल्या गाडीच्या चालकानं इंजिन बंद केलंय. रेडिओवर स्वाहिलीत चार शब्द जातात, आणि दहा मिनिटांत टेकाडाच्या दोन्ही बाजूंनी धुळीच्या रेघा येऊ लागतात. छत उघडलेल्या गाड्या, प्रत्येक छताखाली सहा डोकी, प्रत्येक डोक्याला एक लेन्स. मादी उठते, वारुळाच्या मागे जाते. गाड्याही मागे जातात.

माराचे नियम असे: मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्याजवळ एका वेळी ५ च गाड्या, किमान २५ मीटर अंतर आणि इतर गाड्या रांगेत असतील तर १० मिनिटांत जागा सोडायची. यातला प्रत्येक आकडा मोजून पाहण्यासारखा आहे.

आधी अंतर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर २५ मीटरवर चौकटीत २.२५ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच जागा मावते. शेपटीसकट चित्ता साधारण दोन मीटर लांब भरतो. म्हणजे नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तो चौकट जवळजवळ भरून टाकतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही सव्वादोन मीटर रुंदी ६,००० पिक्सेलमध्ये वाटली जाते, मिलिमीटरला अडीचाहून जास्त पिक्सेल. मिशीचा केस न् केस येतो. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला तर तिथून चौकट १.५ मीटर बाय १ मीटर मिळते; पूर्ण चित्ता मावतच नाही. सव्वातीन मीटर उंच हत्ती असेल तर २५ मीटरवरून २०० मिलिमीटरसुद्धा जास्त होतात. फोटोसाठी अजून जवळ जायला हवं, हा आग्रह गणितात टिकत नाही. जवळ जायचं असतं ते मोबाइलवाल्यांना.

मग गाड्यांची संख्या. २५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ १५७ मीटर. एक लँड क्रूझर सुमारे ५ मीटर लांब. पाच गाड्या आडव्या लागल्या तर परिघाचे २५ मीटर, म्हणजे १६ टक्के अडतात. वीस गाड्या लागल्या तर १०० मीटर, ६४ टक्के. चित्त्याला बाहेर पडायला उरते एक तृतीयांश फट. आणि फोटोत? वर्तुळाच्या या काठावरून पाहिलं तर चित्त्यामागचा देखावा म्हणजे समोरचा काठ. पाच गाड्या असतील तर मागे गवत मिळण्याची शक्यता मोठी. वीस असतील तर दर तीन फोटोंतल्या दोहोंत मागे पांढरा पत्रा आणि टोप्या येणार.

बोट्स्वानात चित्त्यांच्या गळ्यात सेन्सर बसवून ३६७ धावा मोजल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. सरासरी धाव १७३ मीटर, सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर, आणि शिकार साधली ती फक्त २६ टक्के वेळा. चारातल्या तीन धावा तशाही वाया जातात. १७३ मीटरच्या त्या पट्ट्यात एक गाडी आडवी आली की चौथीही जाते, आणि तिच्याबरोबर पिल्लांचं जेवण आणि आपला हवा तो फोटोही.

शेवटी वेळेचा नियम. ५ गाड्या, १० मिनिटं म्हणजे तासाला ३० गाड्या. सकाळच्या दोन तासांत ६० गाड्या, नियमाचं तंतोतंत पालन करून! माणसांच्या दृष्टीनं रांग शिस्तीत सरकते. त्या मादीच्या दृष्टीनं पाच गाड्या दोन तास हललेल्याच नसतात. दृश्याजवळच्या गाड्या मोजणं गरजेचं आहेच, पण आत येणाऱ्या एकूण गाड्या बांधल्याशिवाय ते अपुरं पडतं.

उजेडाचे चार तास, सामानाचे पंधरा किलो

मारा विषुववृत्ताच्या दीडेक अंश दक्षिणेला आहे. दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास. ऑगस्टमध्ये सूर्य ६:४० च्या सुमारास उगवतो आणि पावणेसातला मावळतो. तो जवळजवळ सरळ वर चढतो, तासाला १५ अंश. दोन तासांत ३० अंशांवर आला की सावल्या काळ्या पडतात आणि जमिनीवरची गरम हवा थरथरू लागते. त्या थरथरीत लांबचा फोटो कितीही महागड्या लेन्सनं काढला तरी मऊच येतो. म्हणजे सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन, असे दिवसाकाठी चारच तास कामाचे. संध्याकाळचा शेवटचा पाऊण तास तर बारा तासांच्या तिकिटाबाहेर जातो. २०० डॉलर चार तासांवर वाटले तरी तासाला ५० डॉलर पडतात. हे तास गाड्यांच्या रांगेत घालवायचे की कमी गर्दीच्या भागात एका झाडाखाली थांबून, याचा विचार निघण्याआधी व्हायला हवा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी १५ किलो सामान चालतं, तेही मऊ पिशवीत आणि हातातलं धरून. ६०० मिलिमीटर एफ-४ लेन्स तीन किलोंच्या वर. दोन कॅमेरे दोन किलो, १००-४०० ची लेन्स सुमारे दीड, छोटी झूम पाऊण, लॅपटॉप आणि चार्जर दीड. बेरीज पावणेनऊ. कपड्यांना उरले सव्वासहा किलो. आधीच्या गणितावरून दिसतंच की मोठी लेन्स घरी ठेवली तरी २५ मीटरवरचा चित्ता हातचा जात नाही. पक्ष्यांसाठीच चाललो असू तर गोष्ट वेगळी. ट्रायपॉडचा गाडीत काही उपयोग नसतो. खिडकीवर किंवा छताच्या कडेवर ठेवायला रिकामी बीनबॅग न्यावी आणि तिकडे गेल्यावर तांदूळ भरून घ्यावेत.

बुकिंगआधी विचारायचे आकडे

मुंबईहून नैरोबीचं विमान सुमारे सहा तासांत पोचतं. पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना मुंबईत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. हे सगळं सहलवाला सांगतोच. जे तो आपणहून सांगत नाही, ते आपण विचारायचं.

गाडीत किती जण, आणि प्रत्येकाला खिडकी आहे का? सहा जणांच्या गाडीत प्रत्येकाचा कोन वेगळा असतो, चालकाला सतत पुढे-मागे व्हावं लागतं आणि तेवढा प्राण्याला त्रास. मुक्काम राखीव क्षेत्राच्या आत, कन्झर्व्हन्सीत की फाटकाबाहेर? कन्झर्व्हन्सी असेल तर एका तंबूमागे किती एकर? महिना कुठला? जानेवारी-फेब्रुवारीत मारात महास्थलांतर नसतं, पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ वर्षभर तिथेच असतात, गाड्या कमी असतात आणि शुल्क निम्मं. स्थलांतरच पाहायचं असेल तर फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीतल्या न्दुटू भागात विल्डबीस्टांची वासरं जन्मतात, बहुतेक दोन-तीन आठवड्यांच्या एकाच खिडकीत. नदी नाही, पण नवजात वासरू आणि चित्ता दोन्ही मोकळ्या माळावर.

आणि शेवटचं, चालकाला पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगायचं: सहावी गाडी व्हायचं नाही, आणि चित्ता किती जवळून दिसला यावर आपली बक्षिसी ठरणार नाही. गाडी कुठे उभी राहणार हे फाटकावरच्या फलकापेक्षा त्या चालकाच्या हातात जास्त असतं आणि त्याचा हात गिऱ्हाईक काय मागतं त्यावर चालतो. भारतातून वर्षाला लाखभर माणसं केनियाला जातात. त्यांतल्या सफारीवाल्यांनी ‘चित्ता दाखवा’ याच्या जोडीला ‘किती गाड्या असतील?’ एवढं विचारायला सुरुवात केली, तर सहल कंपन्यांना ऑगस्टची बस भरण्यापेक्षा फेब्रुवारीची गाडी विकणं फायद्याचं वाटू लागेल. माराच्या प्रशासनानं संख्या बांधेपर्यंत तेवढं तरी आपल्या हातात आहे.